सहा मोजून थांबलेला आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे प्रत्येक गोष्टीला रीझन असतं. म्हणूनच हे लिहून पाठवावं की नाही, यात बरेच दिवस गेले...

आमचं घर बेळगावला, वडगावात. पुढच्या खोलीत हातमाग. आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं आत्याने. तिला सगळेच आक्का म्हणतात. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात घालणार, हा तिचाच शब्द.

पण त्या वर्षी तिची झोप उलटली. रात्रभर माग चालायचा, दिवसा ती भिंतीला टेकून पेंगायची. एखाद्या रात्री झोप लागलीच, तर दुसऱ्या दिवशी नावं, वार सगळं बरोबर. एरवी मला माझ्या आईच्या नावाने हाक. डॉक्टर म्हणाले, या वयात झोप बिघडली की डोकंही ठिकाणावर राहत नाही.

निपाणीहून काका आले ते माझ्यासाठी स्थळ घेऊनच. म्हणाले, "आक्काचं डोस्कं फिरलंय. तिचा शब्द कशाला धरायचा?" काकांपुढे माझा आवाज कधी फुटलाच नव्हता. शेवटी तेच म्हणाले, उठून तिनं सरळ सांगितलं तर ऐकीन. न्हाय तर संध्याकाळच्या मोटारीनं पोरीला घेऊन जातो.

भर दुपार. हलवलं, डोळ्यांना पाणी लावलं... आक्का उठेना.

आणि मागाकडून आवाज आला — बाईचा, सावकाश. ओंदु... एरडु... मूरु... मागावर कोणीच नव्हतं. आक्का विणायला शिकली एका कानडी म्हातारीकडे, अव्वाकडे. ती माझ्या जन्माआधीच वारलेली. पोरवयात आक्का पेंगली की अव्वा सातपर्यंत मोजायची. कानडीत 'एळु' म्हणजे सात, आणि 'एळु' म्हणजे ऊठ. तेवढ्यात उठली नाही तर पाठीत मागाचा धोटा — आक्काच हसत सांगायची.

आवाज 'आरु'वर थांबला. सहा. पुढे काहीच नाही. मी वाट पाहिली... मग माझ्याच तोंडून निघालं, "एळु."

आक्काने मान वर केली. काकांकडे रोखून पाहिलं. "कवा आलास रं? जेवलास का? आणि हिचं बघायला मी हाय. कॉलेजात जाणार ती. स्थळ एवढं चांगलं असंल तर तुझ्या पोरीला बघ."

काका एकटेच मोटारीने गेले. दिवे लागेपर्यंत आक्का पुन्हा मला आईच्या नावाने हाका मारू लागली. पुढे भेटले तेव्हा काका म्हणाले, मोजणं त्यांनीही ऐकलं होतं — पण पहिल्यापासून माझ्याच आवाजात. "तूच मोजत हुतीस की गं."

तसं असेल, तर आता का घडत नाही? कॉलेजातून आले की कितीदा तिच्याशेजारी बसून मी ओंदुपासून एळुपर्यंत मोजते. हळू, मोठ्याने... आक्का पेंगतच राहते. कालही मोजलं.