भाताच्या काट्यावर कमल

खोलीतल्या दोस्तांनो, हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा. जिच्यापायी मी कॉलेज अर्धवट सोडून दासगावला आलो, ती कमल आज सकाळी भाताच्या गिरणीत दिसली. पोती तोलायच्या काट्यावर उभी होती. वैशाखाच्या उन्हात अंगावर शाल, चेहरा सुजलेला.

"हे काय गो?" मी विचारलं.

"वजन बघते. जत्रेपासून दिवसाला एक भाकरी खाते, तरी उतरत नाय." आवाजही घोगरा झालेला.

मी तडकलो. "उपाशी राहायला कुणी सांगितलं?"

"तूच रे. जत्रेत चारचौघांत म्हणालास, पोतं झालीस."

तिच्या आईला सोबत घेऊन तिला तडक महाडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासून घेतलं. म्हणाले, "थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय. यात खाण्याचा दोष नाही. रोज गोळी घे, पोटभर जेव. वजन सावकाश उतरेल."

घरी आईने ताट वाढलं. कमलने ते बाजूला सारलं. "आधी उतरू दे, मग जेवेन."

डॉक्टरांचं बोलणं तिने कानाआड केलं. माझं जत्रेतलं बोलणं मात्र तिच्या आत बसलंय. ते बाहेर कसं काढू, सांगा.