तिकीट राहिलंय का कुणाचं?

शाळेत शिकवायला जाताना रोज शिरूर-दौंड एसटीत एक कंडक्टर ताई भेटतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मागून एखादी जीप आली, की तपासणीवाल्यांची तर नाही ना म्हणून त्या वाकून खिडकीबाहेर बघतात आणि सगळ्यांना पुन्हा विचारतात, "तिकीट राहिलंय का कुणाचं?" तपासणीत एक जरी बिनतिकीट माणूस सापडला, तर नोकरीवर गदा येईल, ही धास्ती त्यांच्या आवाजात असते.

परवा न्हावऱ्याच्या पुढं त्यांनी मधेच बेल मारून गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि उसाच्या कडेला छाती धरून उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले. त्यांचे हात गार पडले होते.

"लई धडधडतंय, मॅडम. आत जायची भीती वाटतीय."

गाडीत कुरकुर सुरू झाली. तसे ड्रायव्हर मामा ओरडले, "इंजिन तापलंय, जरा दम धरा!" इंजिनाला काहीच झालं नव्हतं. मग ते हळूच ताईंना म्हणाले, "डेपोत बी हेच सांगतो."

थोड्या वेळानं ताईंनी तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले. पायरीवर पाय ठेवताना माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "दौंडला ह्या भीतीवरचा डॉक्टर असंल का वो? पण ओळखीचा नको."