अपुष्ट राजा

वडिलांच्या तेरवीला मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आणि तेही संदर्भांसहित.

बाबांची एकच गोष्ट होती. तरुणपणी त्यांनी आमगाव स्टेशनवरून एका राजाला सायकलवर डबलसीट आणलं होतं. त्या कॅरिअरवर ते धानाचं पोतंसुद्धा ठेवू देत नसत. (राजाची जागा!) "कोणता राजा?" मी एकदा विचारलं. "राजा म्हणजे राजा," बाबा म्हणाले आणि चहा प्यायला आलेल्या सुखरामकाकांकडे बघून हसले.

मला मात्र लहानपणापासून चरित्रं आणि इतिहास वाचायचं वेड. मी तीस वर्षं तो राजा शोधला. कोणी हत्तीवरून फिरलेला, कोणी पालखीतून. कॅरिअरवर बसलेला एकही सापडला नाही.

तेरवीला श्रद्धांजलीचे चार शब्द बोलायचं माझ्याकडे आलं. मी चार पानं लिहिली. चौथ्या पानावर वाचलं, "बाबा प्रेमळ होते. मात्र राजाची घटना अपुष्ट आहे."

वाढणाऱ्यांचे हात थांबले. आत्या उठली.

"काऊन गा बाबू, अपुष्ट कोनाले म्हणून राहिला? चांगला धट्टाकट्टा होता माझा भाऊ."

"आत्या, अपुष्ट म्हणजे पुरावा नसलेलं."

"म्हणजे लबाड? तेरवीच्या दिवशी बापाले लबाड म्हणतो?"

आई पदराआडून माझ्याकडे बघत होती. कागद खिशात घालावा की तोंडात, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात पंगतीतून सुखरामकाका पत्रावळ सोडून उठले.

"पुरावा पाहिजे का तुले?"

"असला तर बरं होईल, काका."

"मीच तो राजा."

काका हात धुऊन सांगू लागले.

"तुमच्या गावात नाटक होतं. गोंदियाहून गाडी उशिरा आली, म्हणून म्या मुकुट-बिकूट डब्यातच चढवला. तुझा बाप न्यायले आला होता. बोडीजवळ सायकल घसरली. मुकुट पाण्यात, मी काट्यात. तुझ्या बापानं बोडीत उतरून मुकुट काढला, मंग काटे काढले. तवापासून दोस्ती."

अख्खा मांडव हसला. तेरा दिवसांत आई पहिल्यांदा हसली.

"आई, तुला माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू वाचून राहिला होता."

त्यावर माझ्याकडे संदर्भ नव्हता.

तीस वर्षं दर रविवारी राजा आमच्या घरी चहाला येत होता. दार मीच उघडायचो, राजघराण्यांच्या पुस्तकात बोट ठेवून. "बाबा, सुखरामकाका आलेत," अशी आत हाक मारायचो आणि पुन्हा राजा शोधायला बसायचो.