कोठून आलीस?

चेन्नईच्या शाळेत अकरावीला नाटक विषयाचं माझं दुसरं वर्ष होतं. सर तंजावरकडचे मराठी. वर्गाशी ते तमिळमध्ये बोलत आणि मला एकटीला त्यांच्या जुन्या मराठीत रागवत. पहिल्या वर्षी आम्ही संवाद पाठ केले होते. दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला स्टेजवर आत येण्याच्या पुढे जाऊच दिलं नाही.

"कोठून आलीस?"

"विंगेतून, सर."

"विंगेत कोण राहतो? परत जा."

मग आम्ही स्टेजवर एग्मोर स्टेशनात गाडी चुकल्यासारखे येऊ लागलो, कुणाशी तरी भांडल्यासारखे येऊ लागलो. शिपाईसुद्धा खडू घेऊन दोनदा आत यायचा. मला वाटायचं, सरांना यापुढचं काही येत नसावं.

परीक्षा जवळ आल्यावर मुख्याध्यापिका नोटीस घेऊन आल्या. उद्यापासून नाटकाचा तास गणिताला, हे आमच्या कानावर आधीच आलं होतं. त्या वाचणार तोच सरांनी सवयीने तमिळमध्ये विचारलं, "कुठून आलात, मॅडम?"

"ऑफिसातून."

"तिथून सगळेच येतात. परत या."

मॅडम खरंच बाहेर गेल्या. पुन्हा आल्या त्या पाय ओढत. म्हणाल्या, "घरून. सकाळपासून कॉफीसुद्धा झाली नाही."

सरांनी फ्लास्कमधली आपली कॉफी त्यांना ओतून दिली. मॅडमनी ती बसून संपवली, नोटिशीची घडी घातली आणि न वाचताच निघून गेल्या.

सर माझ्याकडे वळले. "पाहिलीस? ही एंट्री. तू अजून विंगेतूनच येतेस."