भंगारातला लॅपटॉप

वकिलाच्या कचेरीत टायपिस्टबाईंनी एकवीस वर्षं दस्तऐवज टाइप केले. वकीलसाहेब थकले, जावई खुर्चीत बसला, आणि महिन्याच्या आत त्यानं बाईंना घरी बसवलं. वर सगळ्यांसमोर कपाटातला जुना लॅपटॉप काढून त्यांच्या हातात ठेवला. "बाई, हा तुम्हालाच शोभेल. दोघंही सारखंच रखडत चालता!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप पदराखाली घेतला आणि दाराशी वळून म्हणाल्या, "शोभेलच की."

घरी त्या लॅपटॉपनं सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतली. तोवर डाळ शिजून झाली. धाकटी नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं तो उलटा-सुलटा पाहिला आणि ओठ मुडपले.

"वहिनी, दोन जीबी मेमरी आहे, प्रोसेसर जुना. आत्ताची सिस्टीम म्हणजे पोराच्या पाठीवर धान्याचं पोतं. भंगारात दे."

"भंगार म्हणूनच दिलाय त्यानं. मला तो त्याच्या डोळ्यांसमोर धावता करून दाखवायचाय."

नणंदेनं वहिनीचा चेहरा पाहिला आणि पेन ड्राइव्ह काढला. लिनक्सच्या फुकट मिळणाऱ्या, जुन्या मशीनलाही झेपणाऱ्या हलक्या सिस्टीम पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात, पसंत पडली तरच मशीनमध्ये घालायची, हे तिनं समजावून सांगितलं. बाईंनी तीन रविवार मुली बघाव्यात तशा सिस्टीम बघितल्या. पहिली दिसायला देखणी, पण बाण हलवला की जागीच रुतायचा. दुसरी चपळ, पण मराठी लिहिताना जोडाक्षरं फुटायची. 'क्ष'ची लक्तरं पाहून बाई म्हणाल्या, "हिला घरात घ्यायची नाही." तिसरी राखाडी, ना सजावट ना चित्रं. पण पाऊण मिनिटात उठून उभी राहिली, अक्षरं धड आली, जुन्या प्रिंटरशीही तिचं जमलं.

"हीच," बाई म्हणाल्या. "नटायला वेळ नाही हिला. माझ्यासारखीच."

कचेरीच्या बरोबर समोर झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराला विनवून बाईंनी खिडकीजवळ टेबल टाकलं. कचेरीतून दिसेल असंच. त्यावर तोच लॅपटॉप मांडून त्या दस्तऐवज टाइप करून देऊ लागल्या. जुन्या अशिलांची नावं, शेजाऱ्यांशी त्यांचे वाद, हद्दीची मापं, सगळं बाईंना तोंडपाठ. एकेक जण रस्ता ओलांडू लागला. कोणी आलं की बाई आधी समोर कचेरीच्या काचेकडे बघायच्या, मग "बसा" म्हणायच्या.

एके दुपारी कचेरीतली नवी मशीन्स अपडेट होत बसली. खरेदीखत चारच्या आत दाखल करायचं होतं. जावई घामाघूम होऊन दुकानात आला. बाकावर सहा अशील बसलेले.

"बाई, जरा पटकन—"

"रांग आहे."

तो उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा सव्वातीन झाले होते; काम झालेले अशीलही गंमत बघायला बाकावरच रेंगाळले होते. तो मजकूर सांगू लागला आणि बाई मोठ्यानं सुधारू लागल्या.

"'ती जागा' नाही हो, 'सदर मिळकत'. चतुःसीमा कुठाय? पूर्वेला काय, लिहायचंच नाही? आणि घेणाराचं नाव देणाराच्या जागी सांगताय. घर ज्याचं त्यालाच विकायचंय का?"

बाकावर खसखस पिकली. एका म्हाताऱ्यानं कचेरीत दिलेले आपले कागद आठवून कपाळाला हात लावला. बाईंनी दस्तऐवज बिनचूक करून दिला, वेळेत. चूक ठेवली असती तर बोट त्यांच्याकडेच वळलं असतं.

दुसऱ्याच दिवशी बाकावरच्या सहांपैकी चौघांनी कचेरीतून आपले कागद परत मागितले. पुढच्या दोन महिन्यांत निम्मी कचेरी ओस पडली. मग थकलेले वकीलसाहेब स्वतः काठी टेकत आले. "परत ये. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

"तुमच्यावर राग नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "माफी त्यानं मागायचीय. इथं येऊन, रांगेत उभं राहून."

त्या दिवशी नणंद वैतागली. "वहिनी, पुरे की आता! राग सोड."

"सोडते की," बाई शेंगा सोलत म्हणाल्या. "पण मग सकाळी इतक्या लवकर उठू कशाला?"