बंदरावरची येळवस

"बर्री, बर्री!" म्हणजे कानडीत 'या, या'. कर्नाटक सीमेलगतच्या मुरुम गावातल्या आमच्या शेजारीण काकू रस्त्यानं जाणाऱ्याला हात उंचावून अशी हाक मारत. मग तो पोस्टमन असो की वाट चुकलेला ट्रकवाला, काही खाल्ल्याशिवाय त्याची सुटका नसे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. पण आमच्या काकूंची सर तिला यायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गल्लीनं कोकणातलं एक जुनं बंदर बघायचं ठरवलं आणि गाडी मिळाली ती नेमकी येळवशीला. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी रानात जेवायचं आणि वाटेवरच्या परक्यालाही पंगतीला बसवायचं. काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता आणि येळवस कधी चुकवली नव्हती. त्या यायच्या नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या आल्या, मांडीवर आंबिलीचं मडकं घेऊन! घाटात प्रत्येक वळणाला ड्रायव्हरला दम, "हळू रे बाबा, सांडलं तर तुलाच पुसाया लावीन."

बंदराचा दगडी धक्का, तटबंदी, समुद्र सगळं डोळे भरून पाहून झालं. मग किनाऱ्यालगतच्या पायवाटेवर, झाडाखाली काकूंनी बाजरीचे उंडे, डाळी-पालेभाज्यांची भज्जी, आंबील मांडली आणि हाका सुरू केल्या. लोक हसून पुढं जात. एकानं तर "प्लेट कितीला?" विचारलं. काकूंचा चेहरा पडला.

"काकू, तुम्ही तरी खाऊन घ्या," मी म्हणालो.

"परका माणूस जेवला न्हाय तर येळवस झाली कशी म्हणायची?" त्यांनी घासाला हात लावला नाही.

जवळच एक खलाशी आजोबा जाळं शिवत बसले होते. काकू उठून त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"घरी जेवण हाय आमचं," ते म्हणाले.

"घरचं रोजच हाय की. आज आमचं रान तुमच्या दारात आलंय."

आजोबांनी हात धुतले आणि मांडी घातली. दोन घोट आंबील पोटात गेल्यावर त्यांनीच शेजारच्यांना हाका मारल्या. बघता बघता पंगत भरली. उरलेली आंबील काकूंनी पिकावर शिंपडतात तशी धक्क्यावरून समुद्रावर शिंपडली. "ह्यांचं रान हेच की," म्हणाल्या. मुरुमचा असल्याचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

"पुढल्या येळवशीला आमच्या रानात या," त्यांनी आजोबांना गावाचा पत्ता सांगून बजावलं. आम्ही हसलो.

उन्हाळ्यात काकू गेल्या. यंदा त्यांच्या रानात येळवशीची पंगत बसली, पण वाटेवरच्याला हाक मारायला कुणी उठेना. तेवढ्यात बांधावर बंदरावरचे ते आजोबा दिसले. हातात नारळ, नजर काकूंना शोधत होती.

मी उठलो, हात उंचावला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "बर्री, बर्री!"