सर्दी उतरू दे

शिंक आली की जपानवाली मावशी आधी तोंड झाकायची आणि मग समोरच्याची माफी मागायची. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात शिंकेची माफी मागणारी ती एकटीच. आता ती कायमची जपानला मुलाकडे गेली आहे आणि आमच्या शिंका पुन्हा मोकळ्या झाल्या आहेत.

पहिल्यांदा ती तिकडे गेली, तेव्हा लिफ्टमध्ये शिंकली. शेजारणीनं पर्समधून नवाकोरा मास्क काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मावशी भडकली. "मले काय मोठा रोग झाला का?" म्हणून घरी मुलावर राग काढला. पुढे तीच शेजारीण सर्दीनं बेजार झालेली, मास्क लावून, लिफ्ट सोडून जिना उतरताना दिसली, तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. "आपण सोतासाठी बांधतो वं, ते लोक दुसऱ्यासाठी बांधतात," हे तिनं नागपुरात परतल्यावर इतक्यांदा ऐकवलं की आई तिची नक्कल करून दाखवायची.

मग आईलाच कॅन्सर निघाला. केमो सुरू आहे, संसर्गापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमचे लोक भेटायला आल्याशिवाय राहतात होय? खोकत खोकत आले, पलंगावर बसले, आईचा हात धरून चहा पिऊन गेले. मला संताप यायचा, पण दारी आलेल्याला जा कसं म्हणणार? मावशीला नेमकी तेव्हाच सर्दी झाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जरीपटक्याहून, रोज आमच्या प्रताप नगरात यायची आणि मास्क लावून आमच्या गॅलरीत, खिडकीच्या जाळीपलीकडे खुर्ची टाकून बसायची. सख्खी धाकटी बहीण.

"आत ये वं. मले काहून दूर ठेवून राहिली?" आई विचारायची.

"सर्दी उतरू दे, ताई. मग तुह्यापाशीच झोपते."

एक दिवस आई रुसली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मावशी जाळीतून तिच्या पाठीकडे बघत लहानपणच्या गोष्टी बोलत राहिली. रडून तिचा मास्क ओला झाला. माझ्यानं बघवेना. "मावशी, पाच मिनिटं ये ना आत," मी म्हटलं.

"तिले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" ती म्हणाली आणि उठली नाही.

त्याच आठवड्यात आई गेली. मावशी आली ती थेट आत. पलंगावर बसली, मास्क काढून बाजूला ठेवला आणि आईच्या गालाला गाल लावला.

"सर्दी काही उतरली नाही वं, ताई," ती तिच्या कानाशी म्हणाली. "पण आता तुले काय होते?"